चार दिवस बाजूला बसलेली बरणी

मित्रांनो, मी एक जुनी बरणी आहे. काचेची, रुंद तोंडाची, लाल झाकणाची. आपली कहाणी सांगायला बसणाऱ्या वस्तू बहुतेक दमलेल्या असतात. फाटकी छत्री रडते, बंद पडलेलं घड्याळ सुस्कारे टाकतं. मी दमलेली नाही. मला राग आलेला आहे. सांगायचं ते मी रागातच सांगणार, आणि घरात कुजबुजत बोलतात त्या गोष्टी मोठ्याने बोलणार. मुलगे असाल तरी उठून जायचं नाही. उलट तुम्ही पुढे येऊन बसा.

माझा जन्म फिरोजाबादकडच्या एका भट्टीत झाला. फुंकणाऱ्याचा श्वास मध्येच अडकला असावा, कारण माझ्या कुशीत मसुराएवढा एक बुडबुडा कायमचा राहून गेला. त्या बुडबुड्यापायी मी दुसऱ्या प्रतीत निघाले आणि मुलुंडच्या एका किराणा दुकानात लिमलेटच्या गोळ्या सांभाळू लागले. पुढे प्लॅस्टिकच्या बरण्या निघाल्या आणि दुकानदाराने मला माळ्यावर टाकलं. तिथून मला शेवंतीने उतरवलं. मोहरीची डाळ घ्यायला आली होती. मान वर करून म्हणाली, "शेठ, ती धुळीत लोळतेय ती बरणी द्या ना. तुम्हाला नकोच आहे."

"तिच्यात बुडबुडा आहे."

"माझ्या नवऱ्याच्या डोक्यातपण आहे. वापरतेच ना मी त्याला?"

अशी मी नाहूरच्या चाळीत आले. एक खोली, बाहेर सगळ्यांची मिळून एक गॅलरी. खोलीत माणसं तीन. शेवंती. तिचा नवरा दशरथ, जो आधी गिरणीत होता आणि संपानंतर भांडुपच्या एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाला. आणि त्याची आई सोनूबाई, मालवणकडची. शेवंतीची मुलगी लग्न होऊन सावर्ड्याला गेलेली.

सोनूबाईचा हात मिठाच्या पाण्यावर बसलेला होता. कैऱ्या असोत, फणसाचे गरे असोत, ती मुठीच्या अंदाजाने मीठ घालायची आणि जेठात खारवलेले गरे गणपतीत काढून दाखवायची, ताजे असल्यासारखे करकरीत. लोणचं मात्र शेवंतीचं. माझं झाकण उघडलं की चार खोल्यांपलीकडून कुणीतरी ओरडायचं, "शेवंतीताई, एक फोड ठेव गं माझ्यासाठी!" तो माझ्या कौतुकाचा काळ होता.

आता खरी गोष्ट ऐका. महिन्यातले चार दिवस शेवंतीचा हात मला लागायचा नाही. पाळी आली की बाईने लोणच्याला शिवायचं नाही, शिवली तर लोणचं नासतं, असा नियम. ते चार दिवस सोनूबाईचा खरखरीत अंगठा माझं झाकण फिरवायचा. पाचव्या दिवशी न्हाऊन आलेल्या शेवंतीच्या बांगड्या पुन्हा माझ्या गळ्यावर किणकिणायच्या. कॅलेंडर चुकलं असतं, मी कधी चुकले नाही. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिची पाळी गेली. दीड वर्ष रोज तिचाच हात. सोनूबाई म्हणाली, "सुटलंस गो बाये." मलाही बरं वाटलं होतं.

आणि चौऱ्याऐंशी सालच्या संक्रांतीनंतर एका सकाळी झाकणावर परत तो खरखरीत अंगठा आला.

शेवंती कोपऱ्यात गोणपाटावर बसली होती. सोनूबाई हसत होती. "ह्या वयात परत इली? जवानी परतली गो तुझी!" शेवंतीसुद्धा लाजून हसली.

पहिल्या महिन्यात चार दिवस. दुसऱ्या महिन्यात नऊ. तिसऱ्या महिन्यात तीसपैकी एकोणीस दिवस माझ्यावर सोनूबाईचा अंगठा होता. बरणीला जे कळलं ते माणसांना कळू नये? एकोणीस दिवस बाई कोपऱ्यात बसते. तिला कोपऱ्यात बसवायचं सगळ्यांच्या बरोबर लक्षात राहतं, आणि डॉक्टरकडे न्यायचं कुणाच्या लक्षात राहत नाही!

शेवटी नाक्यावरच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने पोटाला हात न लावता सांगितलं, "उष्णता आहे. कलिंगड खा." खाल्लं. पोट मात्र वाढत चाललं. निऱ्या खोचायची जागा वर सरकली, कंबर भरून यायची, लघवीला सारखं उठावं लागायचं. दशरथ म्हणाला, "वाताचं पोट आहे. वाटाणे कमी खा."

शेजारच्या खोलीत विमल राहायची. जालन्याकडची, बौद्ध कुटुंबातली, पस्तिशीची, पालिकेच्या एका इस्पितळात आया. शेवंतीशी तिची घट्ट मैत्री. पण सोनूबाई तिला लोणचं वाढायची ते तिच्या वाटीत वरून टाकून. शेवंतीला मला शिवायची मनाई चार दिवस होती, विमलला तीसही दिवस. का ते तुम्हाला ठाऊक असेल. नसेल तर घरी विचारा, आणि उत्तर देताना मोठ्यांची तोंडं बघा.

त्या विमलने एका दुपारी सरळ शेवंतीच्या ओटीपोटावर हात ठेवून दाबलं.

"ताई, हे वाताचं नाही. नारळ गिळल्यागत लागतंय."

"गप गं, घाबरवू नकोस."

"आमच्या वॉर्डातल्या डॉक्टरीणबाई रोज घसा फोडतात. पाळी जाऊन वर्ष झालं आणि मग रक्त आलं, तर ती पाळी नसतेच. एक थेंब आला तरी तपासायचं. आणि तू चार महिने गोणपाटावर बसलीयेस!"

मग मुलुंडचं एक नर्सिंग होम झालं. तिथला किस्सा विमलने घरी येऊन, डॉक्टरसारखी मान वाकडी करून सांगितला. डॉक्टर म्हणाले, "फायब्रॉइड. मांसाची साधी गाठ. बायकांना असतेच." विमलने विचारलं, "पाळी गेल्यावर फायब्रॉइड सुकतात ना, डॉक्टर? ही तर वाढतेय."

"तुम्ही कोण?"

"आया आहे."

"मग आयाचं काम करा."

प्रश्न बरोबर होता, मित्रांनो. विचारणारी आया होती एवढंच.

ऑगस्टात ऑपरेशन ठरलं. त्या नर्सिंग होमची रीत अशी, की काढलेली गाठ ठेवायला भांडं पेशंटच्या घरून आणायचं. रुंद तोंडाचं. दशरथ धावत घरी आला आणि माझ्यातलं लोणचं त्याने पातेल्यात ओतलं.

"अरे, लोणच्याची बरणी ती!" सोनूबाई ओरडली.

"मग काय कळशी नेऊ?"

माझ्यात शेवंतीची गर्भाशयाची पिशवी आली, गाठीसकट. गाठ एका बाजूने कापलेली होती. मी काच आहे, माझं कामच आरपार बघणं. कापलेली जागा मऊ, पिवळट-करडी, माशाच्या मांसासारखी, मध्ये मध्ये रक्त साकळलेलं. पुढे मला कळलं की साधी फायब्रॉइड कापली तर आतून पांढरी, टणक, दोऱ्याच्या गुंड्यासारखी निघते. डॉक्टर हे शिकलेले असणार. त्यांनी दुसऱ्यांदा वाकून बघितलं नाही. बीजांडकोशही आतच ठेवले. "साधीच आहे. तपासायची तर घाटकोपरच्या लॅबमध्ये नेऊन द्या," असं हात पुसत म्हणाले. कंपाउंडरने माझ्यात फॉर्मलिन ओतलं, म्हणजे तुकडा जसाच्या तसा टिकवणारं औषध. ते काय आहे, कशाला आहे, ते काढायचं नाही, हे कुणीही सांगितलं नाही. सांगायला जणू जीभ झिजत होती.

तो शनिवार होता. रविवारी लॅब बंद, म्हणून दशरथ मला घरी घेऊन आला. फॉर्मलिनचा वास उग्र. माझं झाकण जुनं, जरा पाझरायचं. सोनूबाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"ह्या कसला इखाचा पाणी घातल्यानी? ह्येनी ता जळान जायत!"

तिने मला मोरीत नेलं, ते औषध ओतून टाकलं आणि माझ्यात मिठाचं पाणी भरलं. मुठीच्या अंदाजाने. गऱ्यांना घालायची तसंच, मन लावून. "मिठात घातलेला कायएक कुजणा नाय," असं स्वतःशीच म्हणाली. तिच्यावर मी रागावू शकत नाही आणि तिला माफही करू शकत नाही. आयुष्यभर ज्या हाताने वस्तू टिकवल्या, त्याच हाताने सुनेला टिकवायला गेली ती बाई.

पण पुढचं काय सांगू! मला घरात ठेवायचं नव्हतं. बायकांची घाण ती, घरात कशी ठेवायची? मला गॅलरीत चपलांशेजारी ठेवलं, वर गोणपाट टाकलं. तेच गोणपाट. रविवार गेला. सोमवारी दशरथची ड्यूटी. मंगळवारी तो मला पिशवीत घालून जिन्यापर्यंत गेला आणि परत आला. "बसमध्ये कुणी विचारलं, काय नेतोस, तर काय सांगू? बायकोची पिशवी?" बुधवारी म्हणाला, "डॉक्टरने साधीच सांगितलीय. नेली काय, न नेली काय."

चार दिवस मी बाजूला बसले, मित्रांनो. कुणी मला शिवलं नाही. बाहेर ऑगस्टचा दमट उकाडा. पाणी आधी गढूळलं, मग फेसाळलं, मग त्याला वास सुटला. मीठ कैरीला टिकवतं. माणसाच्या मांसाची एवढी मोठी गाठ मूठभर मिठाने टिकत नाही. शेवंतीला काय झालंय हे त्या गाठीत लिहिलेलं होतं आणि माझ्या डोळ्यांदेखत ते अक्षर अक्षर विरघळत होतं. मला तोंड आहे, पण ते झाकणाचं.

गुरुवारी सकाळी विमल रात्रपाळी करून आली. वासाने थांबली. गोणपाट उचललं, झाकण फिरवलं.

"हे काय केलंत हो?" तिचा आवाज अख्ख्या चाळीने ऐकला. "फॉर्मलिन कुठाय?"

"गे, हात कित्याक लावतंस?" सोनूबाई आतून म्हणाली.

"आता मी हात लावलेला चालेल, आजी. तुमच्यापैकी कुणी लावतच नाहीये!"

अकरा-बारा वर्षं शेजारी राहून विमलने मला पहिल्यांदा उचललं ते असं. न झोपता, न जेवता तिने मला छातीशी धरून घाटकोपर गाठलं. बसमध्ये शेजारच्या बाईने विचारलं, "लोणचं का गं?" विमल म्हणाली, "नाही. मैत्रीण आहे माझी."

लॅबचे डॉक्टर म्हातारे होते. झाकण उघडून त्यांनी काठावर सुकलेलं मीठ बोटाने खरवडलं.

"मीठ कुणी घातलं?"

"घरातल्या म्हातारीने. टिकावं म्हणून."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. आठवडाभर मी त्यांच्या फळीवर होते. ते काचपट्ट्या पुन्हा पुन्हा बघत होते. विमल परत आली तेव्हा म्हणाले, "पेशींचं पीठ झालंय. कडेला जे थोडं शिल्लक आहे ते मला आवडलं नाही, पण तेवढ्यावर नाव लिहिता येत नाही. तिला परळच्या कॅन्सरच्या इस्पितळात न्या. छातीचा फोटो काढा. वाट बघू नका." कागदावर मात्र त्यांना एवढंच लिहिता आलं, की निदान करता येत नाही.

दशरथने कागद हातात घेतला. "म्हणजे काही निघालं नाही ना?"

"दादा, वाचता आलं नाही म्हणजे लिहिलेलं नव्हतं असं नाही! परळला चला."

"कॅन्सरच्या इस्पितळात? चाळीत काय तोंड दाखवू? आणि तू आया आहेस, विमलबाई. डॉक्टरणीसारखी बोलू नकोस."

सोनूबाईने देवापुढे साखर ठेवली. शेवंती अंथरुणात उठून बसत होती, रंग परत येत होता, तिलाही तेच हवं होतं. "जाऊ दे गं विमल. काढून टाकलीय ना गाठ? गेली पीडा." मला घरात घ्यायला सोनूबाईने साफ नकार दिला. बरणी बाटली, असं म्हणाली. विमल म्हणाली, "बाटली असेल तर माझ्याकडेच शोभेल." उकळत्या पाण्याने, सोड्याने मला धुऊन तिने आपल्या फळीवर पालथी ठेवली. तिथून पुढचं सगळं मी ऐकलं.

ऑपरेशननंतर नवव्या महिन्यात शेवंतीला खोकला लागला. मग जिना चढताना दम. मग एका सकाळी थुंकीत रक्त. ह्या वेळी विमलने कुणाला विचारलं नाही, शेवंतीचा दंड धरून परळला नेलं. छातीच्या फोटोत दोन्ही बाजूंना सुपाऱ्यांसारखे गोल गोल डाग. ओटीपोटातही गाठ परत उगवलेली. तिचा तुकडा सुईने काढला आणि तो त्यांनी फॉर्मलिनमध्ये ठेवला. दहा दिवसांत नाव कळलं. सार्कोमा.

परळच्या डॉक्टरीणबाईंनी शेवंतीला समोर बसवून समजावलं होतं, आणि शेवंतीने ते विमलच्या खोलीत बसून जसंच्या तसं सांगितलं. "त्या म्हणाल्या, हा पिशवीच्या अस्तराचा नेहमीचा कॅन्सर नाही, पिशवीच्या स्नायूचा आहे. पिशवीचा कॅन्सर झालेल्या शंभर जणींत दोघी-तिघींना हा असतो. फायब्रॉइडचं सोंग घेऊन येतो, रक्तातून पसरतो, पहिला फुफ्फुसात जातो. मी विचारलं, आधी कळलं असतं तर? त्या म्हणाल्या, खात्री कुणीच देत नाही. पण बीजांडकोशसुद्धा काढले असते, खाली किरणांचा शेक द्यायचा का ते ठरवलं असतं, दर दोन-तीन महिन्यांनी छाती बघितली असती. लढायला वेळ मिळाला असता."

मग ती विमलकडे वळली.

"विमल, मला मरणाचा राग नाही गं. चार दिवसांचा आहे."

दर तीन आठवड्यांनी शिरेतून लाल औषध जायचं. दुसऱ्या वेळेला केस गेले, वेणी हातात आली. तोंडात फोड, पोटात अन्न ठरेना. डाग लहान झाले, सहा महिने तिला चालता-बोलता आलं. मग औषध हृदयाला झेपेना, ते थांबवलं आणि डाग पुन्हा वाढायला लागले. शहाऐंशीच्या मे महिन्यात ती कैऱ्यांची पिशवी घेऊन विमलच्या दारात उभी राहिली. डोक्यावर बोटभर केस, धाप लागलेली.

"ती बरणी काढ."

"ताई, आज नको. माझा दुसरा दिवस आहे."

"माहितीये. म्हणूनच आज आले."

तिने फोडी केल्या, मीठ-हळद चोळली, मोहरीची डाळ फेसली, फोडणी गार करून ओतली. मी तोंडापर्यंत भरले. मग ती मागे सरकून भिंतीला टेकली.

"घाल हात. ढवळ."

"पळी तरी घेऊ दे."

"हात घाल, विमल. कोपरापर्यंत घाल. बघू काय नासतं ते."

विमलने हात घातला. दोघी हसत होत्या, आणि हसता हसता शेवंतीला खोकल्याची एवढी मोठी उबळ आली की विमलने मसाल्याच्या हातानेच तिला धरलं. पाठीवर हळदीची पाच बोटं उमटली.

शेवंती श्रावणात गेली. शेवटपर्यंत दशरथ तिच्या उशाशी बसून होता, मान खाली घालून. आता त्याला वेळच वेळ होता.

तेरावं झाल्यावर सोनूबाई विमलच्या दारात आली. उंबरठ्याच्या आत कधी न आलेली बाई आत येऊन बसली.

"तिचा लोणचा हा म्हणतत तुझ्याकडे. एक फोड दी गो."

विमलने माझं झाकण उघडलं. सोनूबाईने तोंडात फोड ठेवली, डोळे मिटले. "तिच्याच हाताचा." मग विचारलं, "ढवळला कोणी?"

"मी. पाळीचा दुसरा दिवस होता. हात घालून ढवळलं."

सोनूबाईचा जबडा थांबला. थुंकायला मोरी चार पावलांवर होती. ती उठली नाही. बऱ्याच वेळाने तिने फोड चावून गिळली आणि माझ्याकडे, माझ्या आत टक लावून बघत राहिली. खाराला फेस नव्हता, बुरशी नव्हती. तीन महिने झाले होते.

"नासूक नाय," ती म्हणाली. आणि मग अगदी हळू, "आणि मी मिठात घातलेला ता... ता नासला."  विमलने तिच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. सोनूबाई प्याली.

मित्रांनो, अशा कहाणीच्या शेवटी वस्तू म्हणते, मला जपा. मी म्हणत नाही. मी काच आहे, फुटेन, भंगारात जाईन. तुम्ही घरी जा. घरात जिची पाळी जाऊन वर्ष उलटलंय अशी आई, आजी, काकी, मावशी असेल तिला विचारा, परत रक्त आलं का? पोट वाढतंय का? मुलग्यांनो, तुम्हीपण विचारा. ती लाजून "काही नाही रे" म्हणाली तर उद्या परत विचारा. डॉक्टर "साधंच आहे" म्हणाले तर म्हणा, तपासून सांगा. आणि कधी तुमच्या हातात माझ्यासारखी बरणी आली, तर आतल्या पाण्याला हात लावू नका आणि तिला गॅलरीत ठेवू नका. छातीशी धरा, बसमध्ये चढा. कुणी विचारलंच तर सांगा, माझी आई आहे.

लाज वाटली तर दशरथला आठवा. तो अजून त्या जिन्यापर्यंत जातो आणि परत येतो.